मंगळवारची गुणगुण

आमच्या फ्रिजला सूर आहे, हे मला दहावीत गेल्यावर कळलं. तेही मुक्ताताईमुळे.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातली पोह्यांची बशी काढून ओट्यावर ठेवली आणि माझं डोकं धरून कान फ्रिजच्या दाराला चिकटवला.

"काय ऐकू येतंय?"

"माझे पोहे गार होतायत ते."

"ऋजू, नीट ऐक ना."

मग ऐकू आलं. ऊंऽऽऽ. भजनाला बसायच्या आधी पेटीवाले काका एकच पट्टी धरून ठेवतात ना, तसं.

"हीच माझी नवी नोकरी," ताई म्हणाली.

दोन दिवसांनी, मंगळवारी, ती आमच्या नांदवण शहर पोलिसांत माध्यम अधिकारी म्हणून रुजू होणार होती. म्हणजे पोलिसांच्या वतीने पत्रकारांशी आणि लोकांशी बोलायचं. त्याचा फ्रिजशी काय संबंध, हे तिने मला पोहे परत न देता समजावलं.

वीज तारेतून सरळ वाहत नाही, ती झुलते. सेकंदाला पन्नास वेळा. पुस्तकात पन्नास म्हणजे पन्नासच. प्रत्यक्षात सगळीकडचे पंप एकदम चालू झाले की ती जरा दमते, एकोणपन्नास पूर्णांक सत्त्याण्णव होते. लोकांनी एसी बंद केले की पन्नासच्या किंचित वर जाते. आणि ज्या क्षणी ती आमच्या फ्रिजमध्ये दमते, त्याच क्षणी गुवाहाटीच्या फ्रिजमध्येही दमते, कारण अख्ख्या देशाच्या तारांचं जाळं एकच आहे. सगळ्या देशाचा मिळून एक तंबोरा, आणि तो सतत थोडा थोडा बेसूर!

"कोणत्या क्षणी किती बेसूर, हे पुन्हा कधी जसंच्या तसं घडत नाही," ताई म्हणाली. "बोटाच्या ठशासारखं. आणि घरात, दुकानात, ऑफिसात काहीही रेकॉर्ड केलं की ट्यूबलाइट, पंखा, फ्रिज यांची ही गुणगुण त्याच्या तळाशी जाऊन बसते. आपल्याला ऐकू येत नाही, यंत्राला येते."

पोलीस मुख्यालयातलं यंत्र देशाची ही वाकडीतिकडी रेघ रात्रंदिवस नोंदवून ठेवायचं. एखादी क्लिप आली की तिच्या तळाची रेघ काढून जुळवायची. जुळली, तर क्लिप खरी. गुणगुणच नसली, उदाहरणार्थ शेतात रेकॉर्ड केलेली असली, तर 'सांगता येत नाही'. पण बनावट क्लिपा तयार करणारे हुशार झाले होते, ते वरून खोटी गुणगुण मिसळायचे. ती मात्र रुळासारखी सरळ, पन्नास म्हणजे पन्नास. अशी सरळ रेघ दिसली की यंत्र ओरडायचं, 'बनावट!'

यंत्राचं सरकारी नाव ध्वनिसाक्षी. सगळं गाव त्याला गुणगुण्या म्हणायचं.

ताईचा या गुणगुण्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता, आणि त्याला कारण होतं. ती आधी आमच्या गावच्या रेडिओवर निवेदक होती. सकाळी सातला 'नमस्कार नांदवण' म्हणायची, त्यावर लोक घड्याळं लावायचे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्या आवाजात एक क्लिप बनवली, 'धरण फुटलंय, पळा.' लोक पळाले. पुलावर चेंगराचेंगरी झाली. अकरा जण जखमी झाले, एका फुगेवाल्याचा पाय कायमचा गेला. तो आवाज माझा नाही, असं ताई ओरडून सांगत होती, पण सांगत होती त्याच आवाजात! कोण ऐकणार? एकोणीस दिवस ती भाजी आणायलासुद्धा बाहेर पडली नाही. विसाव्या दिवशी पुण्याहून प्रयोगशाळेचा अहवाल आला: क्लिपमध्ये गुणगुण सरळ आहे, आवाज बनावट आहे. ताई सुटली. पण रेडिओ बंद झाला, कारण नुसत्या आवाजावर आता कुणाचाच भरवसा उरला नव्हता.

"माणसं खोटं बोलतात, ऋजू," ती फ्रिजवर हात ठेवून म्हणाली. "ही बोलत नाही."

मग मला पोहे परत मिळाले. गार.

*

मंगळवारी आमची सकाळची शाळा. साडेबाराला घरी आले तर भट्टी. नांदवणच्या जुन्या पेठेत दर मंगळवारी नऊ ते पाच लाइट नसते, तारांच्या दुरुस्तीसाठी. पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा म्हणा ना! पेठेत मंगळवारी कुणी दळण टाकत नाही, कुणी इस्त्रीचे कपडे मागत नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे ते एक पंखा आणि एक दिवा चालवतात. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळ्यातच गेली होती. म्हणून ताई डबा विसरलीय हे बघून मला दुःख वगैरे काही झालं नाही. पोलीस मुख्यालय नव्या वसाहतीत आहे. तिथे एसी असतो.

आणि खरंच, काय गारवा! माध्यम कक्षात ताई कडक इस्त्रीच्या साडीत ताठ बसली होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर देशाची हिरवी रेघ थरथरत पुढे सरकत होती. यंत्रापाशी हवालदार शिंत्रेकाका बसले होते. यंत्राच्या कपाळाला खंडेनवमीचं कुंकू अजून होतं आणि एका फटीत झेंडूची वाळकी पाकळी.

"या, ऋजुताबाई!" शिंत्रेकाका म्हणाले. "ताईंची परीक्षा चाललीय. उपअधीक्षक साहेब स्वतः घेतायत."

उपअधीक्षक दस्तगीर मुजावर खिडकीपाशी उभे होते. उंच, पांढऱ्या मिशा, आवाज मात्र अगदी मऊ.

"तर मॅडम, पहिला नियम," ते ताईला म्हणाले. "पत्रकाराला 'माहीत नाही' कधी म्हणायचं नाही. 'तपास सुरू आहे' म्हणायचं. पोलिसाला माहीत नाही हे एकदा कळलं, की उरलेली माहिती लोक स्वतः तयार करतात."

"हो सर," ताईने वहीत लिहिलं. अधोरेखितसुद्धा केलं.

"दुसरा नियम दहा मिनिटांचा. तुम्हाला मी काय सांगणार."

काय सांगणार! पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतरच तो झाला होता. संशयास्पद क्लिप पसरायला लागली की दहा मिनिटांत पोलिसांनी खरी का खोटी ते जाहीर करायचं. मसुदा यंत्र लिहिणार, पण खाली अंगठा माध्यम अधिकाऱ्याचा. यंत्राने 'बनावट' म्हटलं की क्लिपवर लगेच लाल पट्टी येते आणि पाठवणाऱ्याचा फोन पाच तास मुका होतो: त्यावर ऐकू येतं, पण त्यावरून काही बोलता-पाठवता येत नाही. अंगठा दिला की नावानिशी निवेदन गावातल्या प्रत्येक फोनवर.

मी कोपऱ्यात बसून ताईच्याच डब्यातली पोळी खात होते, तेवढ्यात यंत्राने किणकिण केली.

*

क्लिप बावीस सेकंदांची होती. चित्र हलत होतं: खिडकीचे गज, पलीकडे बर्फ कारखान्याची पत्र्याची भिंत आणि तिच्या फटीतून फसफसणारं पांढरं काहीतरी. एका बाईचा आवाज, खोकत: "पळा रे पळा, ग्यास सुटलाय! पोरं घ्या आन् भायेर पडा!" मग खोकला, मग संपली.

यंत्राने क्लिपची रेघ काढली. हिरव्या थरथरत्या रेघेखाली एक पिवळी रेघ. सरळसोट. फूटपट्टीने मारल्यासारखी.

'बनावट. खात्री नव्व्याण्णव टक्के.'

"अरे देवा, पहिल्याच दिवशी," शिंत्रेकाका पुटपुटले. "साहेब, क्लिप साडेतीनशे फोनवर गेलीय. लोक बर्फगल्लीतून बाहेर पडायला लागले होते. लाल पट्टी लागल्यावर परत घरात चाललेत."

मुजावर सरांनी कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला, स्पीकरवर.

"काही नाही हो साहेब!" मॅनेजर म्हणाला. "मंगळवारी आमचा कॉम्प्रेसर बंदच असतो. थोडासा वास तर नेहमीचाच."

त्याच्यामागे सनई वाजत होती.

"तुम्ही कारखान्यातच आहात ना?"

"मी... इथे जरा पाहुण्यांच्या लग्नात आहे. पण वॉचमन असेल ना!"

सरांनी फोन ठेवला. "गस्तीची गाडी निघालीय. पण आज बाजार आहे, बारा मिनिटं लागतील. आपल्याकडे आठ आहेत. मॅडम, मसुदा बघा."

ताईच्या पडद्यावर मसुदा तयार होता. मी तिच्या खांद्यावरून वाचला. 'सदर ध्वनिचित्रफीत बनावट असून ती प्रसारित करणाऱ्या हौसाबाई ज्ञानू लोंढे, वय ५८, रा. बर्फगल्ली, यांच्यावर गुन्हा दाखल करण्यात येत आहे. नागरिकांनी घरातच थांबावे.'

"हौसामावशी?" मी एवढ्या जोराने ओरडले की पोळीचा तुकडा बाहेर आला. "ताई, आपल्या हौसामावशी! माझा स्नेहसंमेलनाचा ब्लाऊज आहे त्यांच्याकडे!"

"मला माहितीय," ताई म्हणाली. ते एकोणीस दिवस सगळ्या पेठेने दारं लावली होती, तेव्हा एक हौसामावशीच तिला दुकानातून हाक मारायच्या, 'ये गं मुक्ते, बस जरा.' "पण तिच्या फोनवरून कुणीही पाठवली असेल. माझ्या आवाजात नव्हती का आली? ओळखीची आहे म्हणून मी यंत्राला खोटं ठरवू? मग दुसरी चेंगराचेंगरी झाली तर?"

तिने अंगठा काचेवर नेला.

मी आधीची मी असते, तर गप्प बसले असते. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा खुसपुसत द्यायचे. पण त्या बावीस सेकंदांतलं काहीतरी माझ्या डोक्यात खडखडत होतं.

"काका, परत लावा," मी म्हणाले. "सुरुवातीची तीन सेकंदं."

शिंत्रेकाकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली.

खड-खड-खड... खड... खड. मग खोकला. मग 'पळा रे'.

"हे काय आहे माहितीय? हौसामावशींचं पायाचं शिलाई मशीन! पाय थांबवले की चाक असं हळूहळू थांबतं. त्यांच्याकडे मोटरचं मशीन आहे, रोज तेच चालवतात. पायाचं फक्त मंगळवारी काढतात."

"का?" सरांनी विचारलं.

"लाइट नसते म्हणून!" मी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा मला उमगलं. यांना माहीतच नाही. मुख्यालयाची लाइट कधी जातच नाही! "सर, जुन्या पेठेत, म्हणजे बर्फगल्लीतसुद्धा, दर मंगळवारी नऊ ते पाच लाइट नसते. मावशींचा दिवा आणि पंखा इन्व्हर्टरवर असतो. इन्व्हर्टर म्हणजे डबी. ती देशाच्या तंबोऱ्याला जोडलेलीच नसते. तिच्या आत एक स्फटिकाचं घड्याळ असतं, त्याच्या तालावर ती आपली एकटी पन्नास, पन्नास, पन्नास..."

"सरळ रेघ," ताई हळूच म्हणाली.



"शिंत्रे," ताई एकदम उभी राहिली. तिने त्यांना 'काका'सुद्धा म्हटलं नाही. "यंत्राने आजवर बनावट ठरवलेल्या क्लिपांची यादी काढा. या वर्षीच्या. वार आणि पेठ दाखवा."

यादी आली. अठरा क्लिपा. बारा इकडच्यातिकडच्या. सहा जुन्या पेठेतल्या.

सहाच्या सहा मंगळवारच्या.

"या अल्ला," मुजावर सर खुर्चीत बसले.

"चार मिनिटं," शिंत्रेकाका म्हणाले.

"म्हणजे ही क्लिप खरी आहे, मॅडम?"

"नाही सर." ताई एकेक शब्द स्वच्छ उच्चारत होती. "म्हणजे यंत्राला काही कळलेलं नाही. ती खरी असेल, कुणी मुद्दाम केलेली असेल. आपल्याला माहीत नाही."

"आणि आपण तसं म्हणत नाही."

"आज म्हणावं लागेल सर. आत्ता तिथे लोक आपल्या लाल पट्टीवर विश्वास ठेवून खिडक्या लावून घरात बसतायत. कारखान्यातला बर्फ गोठवायचा अमोनिया घरांत शिरला तर..." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "धावपळ न होता त्यांना बाहेर काढायचं असेल, तर एकच रस्ता आहे. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं. आणि कुठे जायचं ते सांगायचं. पुलावर लोक का चेंगरले? 'पळा' म्हटलं होतं. कुठे, ते कुणी सांगितलंच नव्हतं."

सरांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर निवेदनाखाली माझं नाव आहेच."

सरांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "माझंही घाला."

"मजकूर लिहायला वेळ नाही. मी बोलते," ताई म्हणाली आणि थबकली. तिच्या आवाजावर कोण विश्वास ठेवणार होतं? याच आवाजाने धरण फोडलं होतं.

मग तिला हसू आलं. खरंच, त्या वेळी! तिने माइक उचलला, खुर्ची ओढली आणि साडीचा पदर खोचून ती भिंतीवरच्या जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीखाली खुर्चीवर उभी राहिली. पट्टीतला चोक किरकिरत होता. ऊंऽऽऽ. माइक तिने अगदी त्याच्याजवळ धरला.

"नमस्कार नांदवण," ती म्हणाली.

दोन वर्षांनी ऐकत होते मी ते.

"मी मुक्ता सपकाळ, पोलीस मुख्यालयातून. बर्फगल्लीतल्या वायूच्या क्लिपवर आम्ही लावलेली लाल पट्टी मागे घेत आहोत. क्लिप खरी आहे का, हे आम्हाला अजून माहीत नाही. कळेल तेव्हा लगेच सांगू. तोपर्यंत बर्फगल्लीतल्या सगळ्यांनी तोंडावर ओला रुमाल धरून, चालत, मारुतीच्या देवळाच्या बाजूने शाळेच्या मैदानावर जावं. वारा नदीकडे वाहतोय, म्हणून नदीकडे जाऊ नका. पळू नका, वेळ आहे. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना हाक मारा. हे चुकीचं ठरलं, तर चूक माझी आणि उपअधीक्षक मुजावर यांची."

यंत्राने तिची रेघ काढली. हिरव्या थरथरत्या रेघेखाली दुसरी थरथरती रेघ, वळणाला वळण जुळवत. 'खरा आवाज. आत्ताचा.'

गावातल्या प्रत्येक फोनवर ताईचा आवाज हिरव्या खुणेसह गेला.

*

पुढची पाच मिनिटं कशी गेली ते मला विचारू नका. शिंत्रेकाकांनी यंत्राला हात जोडले, मग काहीतरी आठवून हात सोडले. ताई पदराची एकच निरी घालत होती, मोडत होती.

मग वायरलेस खरखरला.

"गस्त एक बोलतोय. बर्फ कारखान्याजवळ पोचलोय. अमोनियाच आहे साहेब, टाकीचा व्हॉल्व्ह उडालाय! डोळे उघडवत नाहीत. अग्निशमनवाले आत गेलेत. वॉचमनला बाहेर काढलाय, बोलतोय तो."

"गल्लीत माणसं?" सरांनी विचारलं.

खरखर. खरखर. ताईने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

"गल्ली रिकामी आहे साहेब. सगळी शाळेच्या मैदानावर बसलीत. कुणीतरी चहासुद्धा लावलाय."

ताई मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. मग हसायला लागली. मग दोन्ही एकदम. मुजावर सरांनी टेबलावरचा डबा उघडला, आत काहीच नव्हतं, माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

*

मैदानावर आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. तिघांना डोळे चुरचुरतात म्हणून दवाखान्यात नेलं होतं, संध्याकाळपर्यंत घरी आले. हौसामावशी शाळेच्या पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या. काखेत माझा ब्लाऊज, एक बाही लावलेली, एक लटकणारी.

"घाईत हाच हाताला लागला," त्या मला म्हणाल्या. मग ताईकडे वळल्या. "काय गं मुक्ते, फोन मुका केला माझा! कारखान्यात सांगायला लावत होते, तर लागंना. आता खरं बोलायला पण लाइटच लागते व्हय?"

ताईने त्यांचे पाय धरले. "चुकलं, मावशी."

"उठ, उठ. साडी नवी आहे." मावशींनी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "आवाज ऐकला तुझा. गोड वाटलं. आधी वाटलं, खरी का खोटी? मग तू म्हणालीस, माहीत नाही. म्हटलं, ही खरीच. खोटा माणूस कशाला असं म्हणेल?"

तोवर पत्रकार जमले होते. एकाने माइक पुढे केला. "मॅडम, व्हॉल्व्ह कशामुळे उडाला? दोषी कोण?"

ताईने एकदा मुजावर सरांकडे पाहिलं. सरांनी आकाशाकडे पाहत मान हलवली, होकारार्थी.

"अजून माहीत नाही," ताई म्हणाली. "उद्या अकरापर्यंत कारखान्याचे तज्ज्ञ बघून जातील. कळलं की सांगते."

आणि खरं सांगते, कुणी हसलं नाही. सगळ्यांनी तेच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी अकराला ताईने सांगितलंही. त्याच दुपारी तिने नोकरीतलं आणखी एक निवेदन काढलं, मंगळवारच्या त्या सहा जणांची नावानिशी माफी मागणारं. यंत्रात आता जुन्या पेठेच्या लाइटचं वेळापत्रक घातलंय, आणि मसुद्याच्या नमुन्यात एक नवा रकाना आहे: 'अजून काय माहीत नाही'. तो भरल्याशिवाय अंगठा उमटतच नाही.

पण ते नंतरचं. त्या मंगळवारी आम्ही दोघी घरी आलो तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. घरात अंधार, उकाडा. ताईने चपला काढल्या आणि ती तशीच स्वयंपाकघरात फरशीवर फ्रिजला टेकून बसली. मी तिच्या शेजारी.

पाच वाजले. लाइट आली. ऊंऽऽऽ.

ताईने कान दाराला लावला, बराच वेळ ऐकलं.

"बेसूर आहे," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. "छान."

मी उठून पोहे भिजत घातले. दोघींचे.